जय कुठवर आला?

पंढरीच्या दिंडीचे मुक्काम आधीच ठरलेले असतात. कोणत्या गावाने कधी पिठलं ढवळायचं, हे पालखी हलायच्या आत पक्कं. वाघ असलं काही छापून देत नाही, आणि भंडारा जिल्ह्याची सगळी पंचाईत तिथेच होते.

'शोले'वरून नाव पडलेला जय हा वाघ २०१३ साली नागझिरा अभयारण्य सोडून निघाला. शेतं, पाटचाऱ्या, कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आणि अख्खी वैनगंगा ओलांडून तो उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दाखल झाला. गळ्यात ना पट्टा, ना मागे कुणी. पोचल्यावर अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी जुन्या फोटोंशी जुळली, तेव्हा कुठे कळलं की पाहुणा नागझिऱ्याचा.

मग सुरू झाला अंदाजांचा हंगाम. चितळ ओरडलं की वाटाड्या कान टवकारणार, जिप्सी वळणार, दहा कॅमेरे एकाच झुडपावर रोखले जाणार. आणि झुडपातून मोर निघणार. संध्याकाळी पानठेल्यावर मात्र प्रत्येकाला तो कुठून गेला हे ठाऊक. वाघ कुठे जाईल, यापेक्षा कुठे गेला असेल हे सांगणं केव्हाही सोपं.

अखेर २०१५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर घातली. म्हणजे एवढी पायपीट झाली बिनकॉलरची, आणि कॉलर आली ती स्थिरस्थावर झाल्यावर! तीही बिघडली, पुन्हा घातली. एप्रिल २०१६ मध्ये संदेश थांबले. जिल्हेच्या जिल्हे पालथे घातले, आज इथे दिसला, उद्या तिथे, अशा बातम्या येत राहिल्या. जय काही सापडला नाही.

यंत्राची अब्रू राखली ती यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या 'वॉकर' या वाघाने. जून २०१९ मध्ये निघून नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला, वाटेत तेलंगणातही डोकावला. उपग्रहाने त्याची पाच हजारांवर ठिकाणं टिपली. नकाशावरची ती रेघ पाहिली तर पत्ता हरवलेला पोस्टमन बरा वाटावा. शेवटी त्याने मुक्काम ठोकला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, जिथे दुसरा एकही वाघ नव्हता. मग वनखातं वधूसंशोधनाच्या विचाराला लागलं.

त्याच्या गळ्यातला पट्टा निघाला एप्रिल २०२० मध्ये. टाळेबंदी होती. त्याच्यावर नजर ठेवणारा सगळा देश तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायलाही पोलिसांना कारणं सांगत होता.