बेट आमच्याकडेही आहे

स्वस्त प्रवासाला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याच्या चारी बाजूंना समुद्र लागतो. नुसती काटकसर पुरत नाही.

माझा भाचा गेल्या हिवाळ्यात अंदमानला जाऊन आला. गोंदियाहून गीतांजलीनं हावडा, कोलकात्याहून विमान आणि पुढे सगळं स्वस्तात: भाड्याची स्कूटर, सरकारी बस, सरकारी बोट. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं त्याआधीच, 2018 मध्ये, स्वराज द्वीप झालं होतं. भाचा जुनी-नवी दोन्ही नावं घेतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो दुप्पट ठिकाणं पाहून आला असं वाटतं. खाजगी बोट महाग म्हणून सरकारी बोटीच्या तिकिटासाठी तो रांगेत कसा उभा राहिला, हे त्यानं चहा निवेपर्यंत सांगितलं. मग डिगलीपूरची बस. ती अंधारात निघते, जारवा आदिवासींच्या जंगलातून पोलिसांच्या पहाऱ्यात, ताफ्यानं जाते आणि मध्ये खाडी आली की सरळ फेरीबोटीवर चढते. "मामा, बस बोटीवर चढते!" असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. माझ्या बहिणीनं त्याला आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

बोटीवर चढणारी बस वगळली तर यातलं सगळं मी नोकरीभर करत आलो आहे. अंधारात बस पकडली आहे, रांगेत उभा राहिलो आहे, जंगलातून गेलो आहे. पुरी कुणी वाढली नाही. अंदमानात स्कूटरवर फिरणारा माणूस हौशी ठरतो, आमगावला स्कूटरवर जाणाऱ्याला लोक विचारतात, "अजून गाडी नाही घेतली का?" भाच्याच्या पाठीवर असते ती सॅक. माझ्या हातात असते ती पिशवी, आणि ती पाहून समोरचा आत काय आहे ते विचारतो.

तेव्हा मी ठरवलं, की हाच प्रवास आपल्या जिल्ह्यात करायचा. स्कूटर, बस, बोट आणि बेट, एकही घटक न वगळता.

गोंदियाला समुद्र नाही. तो पूर्वेलाही दूर आहे आणि पश्चिमेलाही दूर आहे. या बाबतीत निसर्गानं पक्षपात केलेला नाही. पण तलाव आहेत. भंडारा-गोंदियाला तलावांचा प्रदेश म्हणतात आणि त्यांतले बरेच कोहळी समाजानं धानासाठी बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला. तलाव बांधणाऱ्याचा लोकांनी देव केला. रस्ता बांधणाऱ्यांच्या बाबतीत अशी मागणी आमच्या तालुक्यातून अजून आलेली नाही. या तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे. चारी बाजूंना पाणी आहे. आणखी काय हवं?

नवेगावबांध गोंदियाहून साधारण 65 किलोमीटर. रेल्वेनं जाता येतं, बल्लारशा मार्गावर देवलगाव हे जवळचं स्टेशन. हा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे पॅसेंजरमध्ये बसलेल्या माणसाला समोरून येणाऱ्या गाड्यांबद्दल आदर शिकता येतो. 240 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला एप्रिल 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. आदर शिकायचा असेल त्यांनी तोवर शिकून घ्यावा. आम्ही बसनं गेलो, कारण आईला बस आवडते. का आवडते ते पुढे येईल.

आई पंचाहत्तरीच्या पुढची आहे. ऑगस्ट 2022 पासून तिला एसटीत तिकीट नाही. बायकोला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. माझ्या शेजारी उभे होते ते काका पासष्टीचे, त्यांनाही अर्धं. शाळेच्या पोरी पासवर. मी सत्तावन्नचा धडधाकट पुरुष असल्यामुळे सरकारच्या कुठल्याही योजनेत बसत नाही आणि त्या दिवशी बसमध्येही बसलो नाही. पूर्ण तिकीट काढून उभा असलेला त्या भागातला मी एकटाच होतो. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. सरळ 15 नाही. ते उरलेले पाच शतांश टक्के माझ्यासारख्यांसाठी वाचवले असावेत. मी ते जपून वापरतो. अर्ध्या तिकिटाला वाढही अर्धीच लागते, हे बायकोनं मला कोहमाऱ्यापर्यंत समजावून सांगितलं. ती बसून सांगत होती. आईनं मधेच कंडक्टरला, "माझं किती झालं?" असं विचारलं. ती दर वेळी विचारते. उत्तर तिला पाठ आहे.

जागा का मिळाली नाही, तर रुमाल. बस फलाटाला लागण्याआधी खिडकीतून रुमाल आत पडतात. रुमालाला तिकीट लागत नाही, वयाची अट नाही, आधार कार्ड नाही. एका आसनावर तर टोपी होती, तिचे मालक गोरेगावला चढले. तोवर ती टोपी खिडकीजवळ बसून आली आणि मी तिच्यावर पडू नये म्हणून दांडा धरून उभा राहिलो. टोपीला वारा लागत होता.

शेजारचे काका खर्रा घोटत होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहातानं घासत राहायचं. किती वेळ, याला नियम नाही. गाव येतं, गाव जातं, घोटणं चालूच. संपूर्ण प्रवासात माझ्या कानाशी एक खसखस होती आणि तिच्या तालावर त्यांनी मला जमीन, जावई आणि धानाचा बोनस या विषयांवर मतं दिली. मग पन्नी उघडली, मला विचारलं, मी नको म्हटलं, त्यांना वाईट वाटलं. पुढचा परिणाम त्यांनी खिडकीतून बाहेर सोडला. बसमध्ये असताना हा प्रकार शेजारच्या माणसाचा असतो, स्कूटरवर असताना तो पुढच्या बसचा असतो. दोन्ही वाहनं वापरणाऱ्याला विषयाची दोन्ही अंगं कळतात.

कोहमाऱ्याला आम्ही उतरलो. ही चौफुली पूर्वीच्या सहा आणि आताच्या 53 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. नंबर बदलला, रस्ता तोच आहे. पुढची बस यायची होती म्हणून काळीपिवळी पाहिली. काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं शपथेवर सांगितलं, की फक्त एक सवारी कमी आहे, बसलात की निघालो. आम्ही तिघं बसलो. मग त्यानं रस्त्याकडे तोंड करून हाक दिली, की फक्त एक सवारी कमी आहे. गणितात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण ती संख्या कितीही माणसं घातली तरी कमी होत नाही. शेवटी माझ्या मांडीवर कुणाचा तरी पोपटी फ्रॉकातला नातू आला आणि गाडी हलली. नातवाला आलूबोंडा दिला होता. त्याची चटणी माझ्या पँटवर राहिली. नातू नवेगावबांधला उतरला.

आता स्कूटर. अंदमानात स्कूटर भाड्यानं मिळते. पैसे टाका, ओळखपत्र दाखवा, किल्ली घ्या, संबंध संपला. आमच्याकडे स्कूटर नात्यातून मिळते, त्यामुळे संबंध वाढतो. माझी सासुरवाडी याच तालुक्यातली. साळेबुवांनी स्कूटर आनंदानं दिली. आधी जेवण. जेवणानंतर स्कूटरचा इतिहास. मग सूचना: सेल्फ मारायचा नाही, किक मारायची, पण दुसऱ्या किकला, पहिली ती मानत नाही. डिकी उघडली की बंद होत नाही, म्हणून उघडायची नाही. पुढचा ब्रेक आहे, पण त्याच्यावर जाऊ नका. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर असला की संपलं समजा. "भाडं कसलं, जवाईबापू, घरचीच गाडी," असं म्हणत त्यांनी मला पंपापर्यंत सोबत केली आणि टाकी फुल होईपर्यंत आकाशाकडे पाहत उभे राहिले. भाच्याच्या स्कूटरचं एका दिवसाचं भाडं किती ते मी नंतर विचारलं. मग तो विषय घरात काढला नाही.

हंगाम धान निघाल्याचा होता. त्यामुळे रस्त्याच्या अर्ध्या भागात धान वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. उरलेल्या अर्ध्यात खरेदी केंद्राकडे चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्यातून उरेल तो रस्ता स्कूटरचा, आणि तिथं कुत्रं झोपलेलं. मी हॉर्न दिला. धान राखणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "हळू जा जी, धान आहे." कुत्र्याबद्दल कुणी काही बोललं नाही. प्रत्येक चौकात मला कुठून आले, कुणाकडे आले आणि ही गाडी तर अमक्याची दिसते, असं विचारण्यात आलं. अंदमानात भाच्याला कुणीही ओळखलं नाही. स्वस्त प्रवासात ही सोय केवढी मोठी आहे, हे त्याला कधीच कळणार नाही.

जंगल पाहावं म्हटलं तर फाटकावर स्कूटर थांबते. नवेगाव-नागझिरा हा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि आत दुचाकीला प्रवेश नाही. वाघाचं यावर काय मत आहे ते कुणी विचारलेलं नाही. जिप्सी करावी लागते. जिप्सीचे वेगळे, गाइडचे वेगळे, प्रवेशाचे वेगळे. तिन्हींची बेरीज केल्यावर हा प्रवास स्वस्त राहत नव्हता, म्हणून आम्ही फाटकाचा फोटो काढला. फाटक स्पष्ट आलं.

मग तलाव, म्हणजे बोट, म्हणजे बेट. बोट माणसं भरल्याशिवाय सुटत नव्हती. किती माणसं, असं विचारलं तर पुन्हा तीच संख्या: एक कमी. लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं होतं आणि ते योग्यच आहे. माझ्या वाट्याला आलेलं मात्र आधीच्या माणसाच्या घामानं ओलं होतं आणि त्याचा पट्टा शाळेतल्या मुलाच्या मापाला लावलेला होता. शेवटी एका सहलीतली पोरं आली आणि बोट निघाली. सहलीच्या गुरुजींनी तलावाची माहिती द्यायला सुरुवात केली, पोरांनी गाणं धरलं, गाणं जिंकलं. हिवाळ्यात इथं दुरून बदकं येतात. गाण्याचा दुसरा अंतरा सुरू होताच ती परत जाताना दिसली. बोट बेटाकडे निघाली, बेट मोठं होत गेलं, आणि ते चांगलंच मोठं झाल्यावर बोट वळली.

"उतरायचं नाही का?" मी विचारलं.

"कुठं?" बोटवाला म्हणाला.

"बेटावर."

"तिथं काय आहे?"

अंदमानातल्या एकाही बोटवाल्यानं हा प्रश्न कुणाला विचारला असेल असं वाटत नाही. तो एकदा तिथं विचारला गेला तर तिथलं पर्यटन बसेल. आई किनाऱ्यावरच थांबली होती, तिनं विचारलं, "बेट कसं होतं?" मी म्हटलं, "बाहेरून चांगलं आहे."

उरलेल्या उजेडात इटियाडोहला गेलो. गाढवी नदीवरचं हे धरण खरंच देखणं आहे आणि तिथं माझी कुठलीही तक्रार नाही, याची मला थोडी गैरसोयच झाली. जवळ गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे, 1972 पासूनची. जगातल्या सर्वांत उंच पठारावरची माणसं पूर्व विदर्भाच्या उन्हाळ्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ राहतात आणि वैतागल्याचा लेख लिहीत नाहीत. तिथं थुक्पा खायचा असं मी फार दिवस मनात धरलं होतं. पण हिवाळा. हिवाळ्यात तिथली बरीच घरं स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. ते गोंदियात माझ्या घराजवळ स्वेटर विकत होते आणि मी त्यांच्या गावात थुक्पा शोधत होतो. एका पोरानं मॅगी करून देतो म्हटलं. खाल्ली.

हाजरा धबधबा या फेरीत राहिला. तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकशात. दरेकसा स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, हे स्वस्त प्रवाशाचं खरं सुख. पण धबधबा पावसाळ्यात असतो आणि पावसाळ्यात तिथं रविवारी अख्खं गोंदिया, बालाघाट आणि राजनांदगाव असतं. पाणी दिसायला माणसं बाजूला व्हावी लागतात. ती सेल्फी घेत असतात. तेव्हा तो भाग वेगळा.

स्कूटर परत केली. टाकी पुन्हा भरून, धुऊन, कुत्र्याला न लागता. साळेबुवांनी सीटवरून हात फिरवला, आरसा आपल्या मापाला वळवून घेतला आणि काही बोलले नाहीत. नंतर बायकोला त्यांचा फोन आला. स्कूटर आता आवाज करते म्हणाले. तो आवाज नेतानाच होता. मला वाटलं, त्यांच्या इतिहासात तो सांगायचा राहिला असेल. बायकोनं मला विचारलं, मी नाही म्हटलं, तिनं ते भावाला सांगितलं, भावानं "असू दे" म्हटलं, आणि मेकॅनिकचं बिल सासूबाईंमार्फत आमच्याकडे आलं. पुढच्या वेळी आम्ही गावातसुद्धा बसनंच फिरावं, असं साळेबुवांनी सुचवलं आहे. त्यात त्यांच्या बहिणीला अर्धं तिकीट आहे.