अस्सलबरहुकूम नक्कल

नटाने रंगभूमीवर दुसऱ्याने लिहिलेले बोलावे आणि रंगभूमीबाहेर स्वतःचे बोलावे, अशी एक भाबडी समजूत आपल्या समाजात फार काळ रूढ होती. तिचे यथासांग और्ध्वदेहिक 2021च्या फेब्रुवारीत उरकले गेले, आणि तेही इतक्या शिस्तीने, की कोणत्याही कचेरीने त्याचा तपशील नमुना म्हणून दप्तरी लावून ठेवावा.

तीन कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी भर थंडीत दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसले असता, तेथील इंटरनेट बंद केल्याची बातमी जोडून, बार्बाडोसच्या रिहाना नामक गायिकेने 2 फेब्रुवारीस ट्विटरवर एवढेच विचारले, की याविषयी आपण बोलत का नाही? एक ओळ लिहिताना बाईंना फार घाम फुटला असेल असे नाही. पण त्यांच्यामागे दहा कोटींचा अनुयायीवर्ग असल्याने, सिंघू आणि टिकरी येथील हजारोंना दोन महिन्यांत जे साधले नव्हते ते त्या एका ओळीने साधले, आणि खुद्द परराष्ट्र मंत्रालय जागे झाले. नामवंतांनी अशा विषयावर सनसनाटी भाष्य करणे बेजबाबदारपणाचे आहे, असा निर्वाळा मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी दिला. आणि त्या निर्वाळ्याचा आदर राखण्यासाठीच की काय, आपल्याकडील नामवंत त्याच दिवशी भाष्य करू लागले.

देशाची एकजूट, अपप्रचारापासून सावधगिरी आणि सामोपचाराचा तोडगा ही त्रिसूत्री बहुतेकांना एकाच मुहूर्तावर स्फुरली. एक अभिनेता आणि एक बॅडमिंटनपटू यांचे मजकूर तर इतके तंतोतंत जुळले, की पूर्वी दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत अशी एकवाक्यता आढळती तर मास्तरांनी दोघांनाही बाकावर उभे केले असते. दुसऱ्या एका अभिनेत्याच्या मजकुरास मुंबई भाजपच्या एका पदाधिकाऱ्याचे नाव जोडलेले आढळले. सरकारी खलित्याच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव रवाना’ असे लिहिण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात वावगे वाटण्याचे कारण नाही.

जुन्या कलावंतांना ही सोय उपलब्ध नव्हती, हे त्यांचे दुर्दैव. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला किशोरकुमारांनी नकार दिला, तोही कुणाच्या मसुद्यावाचून, आणि 1976 साली त्यांचा आवाज आकाशवाणी व दूरदर्शनवरून हद्दपार झाला. डॉ. श्रीराम लागूंनी देवाला निवृत्त करण्याची सूचना स्वतःच्या सहीने केली आणि शिव्याशापही स्वतःच्याच नावावर जमा करून घेतले. चळवळीत आयुष्य घालवणाऱ्या कार्यकर्त्यांना चार पैसे मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना निघाली, तेव्हा हेच लागू आणि निळू फुले ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत हिंडले, कृतज्ञता घरबसल्या अंगठ्याने व्यक्त करता येते, हे त्या काळी कुणास सुचले नव्हते.

मजकुरांच्या या जुळणीची चौकशी गुप्तवार्ता विभागाकरवी करण्याचे तत्कालीन महाराष्ट्र सरकारने जाहीर केले, तेव्हा आम्हांस क्षणभर आशा वाटली. परंतु गृहमंत्री अनिल देशमुख यांनी लवकरच खुलासा केला, की रोख कलावंतांवर नव्हे, भाजपच्या आयटी सेलवर आहे, आणि लता मंगेशकर तर दैवतासमान आहेत. बोलण्याची चौकशी व्हावी आणि बोलणारे तेवढे वगळावेत, ही तजवीज पाहून सत्ताधारी व विरोधक यांच्यात आपण समजतो तितके अंतर नाही, याची खात्री पटली.

पुढे 19 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी ते तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा केली. फेब्रुवारीतल्या त्या देदीप्यमान एकवाक्यतेचा त्या दिवशी मागमूस दिसला नाही. घोषणा सकाळीच आणि अकस्मात झाल्याने नकलनवीस मंडळी बहुधा अद्याप कचेरीत पोहोचली नसावीत.