स्कोरिंगकाका

आठवीत संस्कृत घ्यावं की हिंदी, हा प्रश्न आठवीत जाणाऱ्या मुलाला विचारायचा नसतो. तो स्कोरिंगकाकांना विचारायचा असतो. डोंबिवलीत दर तिसऱ्या सोसायटीत हे काका असतात. ठाण्यात, चिंचवडला, नाशिकला असतील तर त्यांचं नाव वेगळं असेल, मत तेच. बँकेतून निवृत्त, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि एप्रिलच्या अखेरीपासून संध्याकाळी दाराबाहेर परक्यांच्या चपला. बाकीची निवृत्त मंडळी या दिवसांत हापूसच्या भावावर आणि गुडघ्यांवर बोलतात. काका सरासरीवर बोलतात.

जगातल्या एकूण ज्ञानाचे त्यांनी दोन भाग पाडले आहेत. स्कोरिंग आणि मार्क खाणारं. गणित स्कोरिंग, संस्कृत तर स्कोरिंगचं माहेरघर. इतिहास मार्क खातो. आणि सगळ्यात जास्त खाते ती मराठी. मातृभाषेवर काकांचा जो राग आहे, तो एखाद्याचा सख्ख्या भावावर जागेच्या वाटणीवरून असावा तसा आहे. "निबंधात काळीज काढून ठेवा, पैकीच्या पैकी कोण देतो? तपासणारा म्हणतो, भावना चांगल्या आहेत, अर्धा मार्क कापा."

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला घेऊन गेल्या होत्या. काम माझंही होतं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं; पण त्या मोसमात काकांकडे टाकीला नंबर लागत नाही. मी कोपऱ्यात बसलो.

काकांनी चष्मा पुसला, वही उघडली. डावीकडे वर्ष, मग विषय, मग 'आपल्या इमारतीतील उच्चांक'. ही वही बँकेच्या जुन्या लेजरची आहे आणि तिच्यात आजवर कुणाचीही खाडाखोड खपलेली नाही.

"वहिनी, पर्याय तीन. संपूर्ण हिंदी, शंभराची. संपूर्ण संस्कृत, शंभराचं. किंवा संयुक्त, म्हणजे पन्नास हिंदी, पन्नास संस्कृत. पुढे नववी-दहावीला संपूर्णचं पुस्तक 'आमोद' आणि संयुक्तचं 'आनंद'. आनंद घेतलात तर तो अर्धाच मिळतो, हे ध्यानात ठेवा."

"पण काका, ह्याला संस्कृत जमेल का?"

"जमायचंय कशाला? पाठ करायचंय. देव चालवायचा, वन चालवायचं, माला चालवायची. उत्तर एक तर बरोबर, नाही तर चूक. मध्ये तपासणाऱ्याच्या मूडला वावच नाही. आणि खरी मेख ऐका." इथे काकांचा आवाज खाली आला, बँकेत व्याजदर बदलणार असल्याची बातमी ते अशीच देत असावेत. "पेपरात 'माध्यमभाषया उत्तरं लिखत' असा प्रश्न येतो. म्हणजे आपल्या माध्यमाच्या भाषेत उत्तर लिहायचं. संस्कृतच्या पेपरात मराठीत लिहून मार्क! जे मराठीच्या पेपरात मराठीत लिहून मिळत नाहीत!"

वहिनींनी मान डोलावली. मुलगा टीपॉयवरच्या काचेखालचं दहा रुपयांचं जुनं नाणं बोटाने सरकवायचा प्रयत्न करत होता. काच असल्याने ते सरकत नव्हतं, पण त्याची चिकाटी स्कोरिंग होती.

"तुला काय आवडतं रे?" मीच विचारलं. काका, वहिनी आणि मुलगा तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा टाकीकडे वळलो.

काकांचा सुवर्णकाळ सुरू झाला तो २०१० साली. राज्यात दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. सगळ्या विषयांचे गुण मोजण्याऐवजी सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच मोजायचे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे सरकार हरलं, सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. अकरावीचे प्रवेश तोवर टांगणीला. त्या जून-जुलैत काकांनी निकालपत्रांचा जेवढा अभ्यास केला, तेवढा क्वचितच एखाद्या वकिलाने केला असेल. तत्त्व त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं: एक विषय कायद्याने बुडवता येतो. तेव्हापासून ते प्रत्येक पालकाला आधी विचारतात, "बुडवायचा कुठला ठरवलाय?" बहुतेक घरांत मराठी बुडते. बिचारी तक्रारही करत नाही.

मुलाला चित्रं काढायची आवड आहे असं एखादी आई भीत भीत सांगते. काकांचा कलेला विरोध नाही, हे इथे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. ते लगेच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांवर येतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन, नृत्य, लोककला, खेळ, सगळ्याला काकांकडे मान आहे; फक्त प्रमाणपत्र वेळेत शाळेत जमा व्हायला हवं. एका मुलीची भरतनाट्यमची परीक्षा होती म्हणून ते स्वतः कार्यक्रमाला गेले आणि पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "छान. पण अर्जावर शिक्का घेतला का?"

एकदाच काय ते त्यांचं चाललं नाही. पलीकडच्या विंगमधल्या रिक्षावाल्याच्या मुलाने आठवीला टेक्निकल घेतलं. शाळेच्या वर्कशॉपमध्ये कानस, पटाशी, टी-स्क्वेअर घेऊन तो रमला. पहिल्या सहामाहीत त्याने पत्र्याची सुपली केली. कडा नीट दुमडलेल्या, कोपऱ्याला रिव्हेट, मूठ जराशी वाकडी. ती सुपली काकूंनी कौतुकाने मागून घेतली आणि आजही काकांच्या घरचा केर तीच भरते. काका रोज सकाळी ती दाराआड टांगलेली पाहतात. पण वहीत तिला रकाना नाही. तो मुलगा पुढे डिप्लोमाला गेला आणि आता लिफ्ट बंद पडली की सोसायटी त्यालाच फोन करते. काका म्हणतात, "हुशार होता. संस्कृत घ्यायला हवं होतं."

लोकांना वाटतं काकांनी संस्कृतात पांडित्य मिळवलं असणार. काका जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे, म्हणजे १९७५च्या आधीचे. त्या काळी संस्कृतऐवजी अर्धमागधी घेता यायची, आणि ती सोपी, असा सर्वत्र बोलबाला होता. काकांनी अर्धमागधी घेतली. आज त्यांना त्यातलं काय आठवतं? मार्क. ते मात्र कुणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगतात. संस्कृतची महती गाताना ते चिंतामणराव देशमुखांचा दाखला देतात. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. देशमुखांनी 'मेघदूता'चा मराठीत अनुवादही केला, हे मी एकदा मध्येच सांगितलं. "हो, पण ते नंतर. गव्हर्नर झाले ते आधी धरा," काका म्हणाले.

सीबीएसईवाली मुलं आली की काका थोडे बिचकत. आता तिथेही त्यांनी पाय रोवले आहेत. नववी-दहावीला सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेता येतो, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोड ४१७ आणि माहिती तंत्रज्ञानाचा ४०२, हे त्यांना घरच्या गॅस कनेक्शनच्या नंबरासारखं पाठ आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, असं काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पन्नास लेखी, पन्नास प्रात्यक्षिक." भाषेच्या वादातही त्यांचं असंच. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवायच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र पेटला, मोर्चाच्या घोषणा झाल्या, जूनअखेरीस सरकारने निर्णय मागे घेतला. सोसायटीच्या गच्चीवर दोन तट पडले, एकमेकांचे पापड वाळत घालणं बंद झालं. काका कुठल्याच तटात नव्हते. त्यांचा सवाल एवढाच होता की पहिलीला तोंडी असणार की लेखी.

परवाच्या बैठकीत माझी टाकी निघायच्या आधीच दाराशी चौथ्या मजल्यावरची मुलगी आली. एकटीच, फॉर्म हातात. आईवडील कामावर, फॉर्मचा उद्या शेवटचा दिवस.

"काका, मी संयुक्त घेतेय. फक्त इथे टिक कुठे करायची ते सांगा."

काकांनी लेजर मिटलं. संपूर्ण संस्कृत सोडून संयुक्त? तेही या मुलीने? त्यांनी समजावलं, आमोद-आनंदचा विनोद केला, इमारतीतील उच्चांक दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "संपूर्णवाली सगळी अ तुकडीत जाणार. माझी मैत्रीण संयुक्त घेतेय, ती क तुकडीत. मला तिच्या बाकावर बसायचंय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. वहिनींनी आपल्या मुलाकडे पाहिलं. त्याने नाण्याचा नाद सोडून पहिल्यांदाच मान वर केली होती आणि त्या मुलीकडे तो मोठ्या आदराने बघत होता. काकांनी पेन उचललं, लेजर पुन्हा उघडलं, रकान्यांवरून बोट फिरवलं. हे कशात बसवायचं ते त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं,

"मैत्रिणीला सातवीत अ-एक होता की अ-दोन?"