जावईबापूंचं कार्ड

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबांस,


"नवा कॉम्प्युटर घेतलात, आता त्याला कार्ड कसलं? रेशनचं?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या जावयांना ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा वेगळा भाग, हवं होतं, तेही एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९०. जाहीर किंमत १,९९९ डॉलर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. दुकानात त्याहून चढी. पूर्ण जोरात चाललं की ५७५ वॅट खातं. दोन तास खेळ खेळलात की एक युनिट पार! ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते म्हटल्यावर हे म्हणतात, "बघ, हिवाळ्यात हीटर वाचला." उन्हाळ्याचं विचारलं तर कानांवर हात.

बरं, ह्यांचा उद्योग काय? एक्सेल, टॅक्स आणि यूट्यूबवर नाटकं. एवढ्याला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरून उरतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, रॅममधून वाटा घेतं, इतकंच. ओळखीतल्या एका गृहस्थांनी महागडं कार्ड बसवलं आणि मॉनिटरची केबल मात्र मदरबोर्डलाच जोडली. कित्येक महिने कार्ड नुसतं बसून, आणि ते गृहस्थ पाहुण्यांना दाखवताहेत, "चित्र किती स्वच्छ आलंय!" हा किस्सा मी घरात वारंवार सांगितला.

तुमच्या नातवाचं मात्र खरंच अडतं. तो ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्टून करतो. ब्लेंडर फुकट, पण सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि एकेका फ्रेमला प्रोसेसर मिनिटं घेतो. रात्रभर पंखा घोंघावतो, तेव्हा सकाळी दहा सेकंद चालणारी मांजर हाती येते. कार्ड हजारो छोटे हिशेब एकदम उरकतं, म्हणून तेच काम कितीतरी लवकर होतं. त्याच्यासाठी ४२९ डॉलर जाहीर किमतीचं आरटीएक्स ५०६० टीआय ठरलंय, १६ जीबीवालं. ८ जीबीवालं पन्नास डॉलरने स्वस्त आहे, पण मोठं दृश्य मेमरीत मावलं नाही की काम रखडतं. तिथे काटकसर नको.

निम्मे पैसे त्याने शेजाऱ्यांचं गवत कापून भरायचे, असं ठरलंय. तेव्हा तुम्ही काही पाठवू नका. "घे रे मोठं, आजोबा आहेत," असं तुम्ही त्याला गुपचूप म्हणालात, ते मला कळलंय. आईलाही.

तुमची,
लेक