व्हर्नियरवाले भाऊ

चंद्रपुरात गिटारवाले दोन प्रकारचे: वाजवणारे, आणि भाऊ. वाजवणारे गणपतीच्या मंडपात आणि लग्नाच्या स्टेजवर भेटतात. भाऊंचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तुकूम, ऊर्जानगर, बल्लारपूर, कुठेही गेलात तरी असा एक भाऊ निघतोच. आमचे भाऊ कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आयुष्य शाफ्ट आणि बेअरिंग मोजण्यात गेलं. खिशात पेन नसेल, व्हर्नियर कॅलिपर असतो. तो बाहेर निघतो दोनच वेळा: ड्यूटीवर, आणि कुठे इलेक्ट्रिक गिटार दिसली की.

गिटार कानानं निवडणारा अडाणी, डोळ्यानं निवडणारा त्याहून अडाणी. गिटार निवडायची ती अंगठ्याच्या बुडानं, हा भाऊंचा सिद्धांत. तो ऐकायला मिळाला नाही असा माणूस गोल बाजारात शोधूनही सापडणार नाही.

नागपूरच्या दुकानात पोरं लाल-काळ्या रंगांवर भाळलेली असतात, तेव्हा भाऊ डोळे मिटून डावा हात पुढे करतात आणि भिंतीवरच्या गिटारची नेक, म्हणजे मान, मुठीत घेतात. दुकानदार लगबगीनं अ‍ॅम्पची वायर जोडायला लागतो. भाऊ त्याला थांबवतात. "आवाज नोका काढू. आवाजानं हात फसते." मग व्हर्नियर. पहिल्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, जाडी किती, बाराव्या पट्टीवर किती. दुकानदाराचा चेहरा तोवर उतरलेला असतो, कारण मोजून घेणारं गिऱ्हाईक विकत घेत नाही हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे.

मोजमापात मात्र भाऊ चुकत नाहीत. इबानेझची ती प्रसिद्ध विझार्ड नेक पहिल्या पट्टीपाशी सतरा ते एकोणीस मिलिमीटर. जुन्या धाटणीची लेस पॉल बावीस-तेवीसच्या घरात. फरक बोटाच्या एका पेराएवढाही नाही, पण हाताला तो लगेच कळतो. शिवाय नुसती जाडी सांगून भागत नाही. नेक आडवी कापली तर पाठ कशी दिसेल त्यावरून तिला अक्षरं दिलेली आहेत: सी म्हणजे साधी गोलाई, डी म्हणजे पाठ जरा सपाट आणि खांदे भरलेले, यू म्हणजे ऐसपैस, आणि व्ही म्हणजे पाठीवर कणा. फेंडर कंपनीनं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जाड नेक काढल्या, मध्यावर व्ही आणली, साठ उजाडेपर्यंत ती सडपातळ केली. गिब्सनचंही तसंच. १९५८ ची लेस पॉल भरलेली, १९६० ची सडसडीत. हा इतिहास भाऊ सनावळीसकट सांगतात आणि मधेच विचारतात, "तुहा अंगठा कुठी जाते?"

या प्रश्नाला पोरं बावचळतात. प्रश्न खरा आहे. हेंड्रिक्ससारखा अंगठा वरून घालून जाड तार दाबणाऱ्याला गोल किंवा व्ही पाठ सोयीची पडते. शास्त्रीय गिटारवाल्यांसारखा अंगठा नेकच्या पाठीवर मधोमध ठेवणाऱ्याला सपाट पाठ मानवते. आणि ज्याला आपला अंगठा कुठे जातो हेच माहीत नाही, त्यानं भाऊंच्या मते अजून सहा महिने उसनी गिटार वाजवावी.

पुढे भाऊंना माणसंही अक्षरांत दिसू लागली. पोस्टमन डी. मेहुणा यू. भाचीसाठी आरमोरीला स्थळ पाहायला गेले, मुलाशी हात मिळवला आणि परतीच्या एसटीत जाहीर केलं, "पोरगं व्ही हाये. कडक हाये. पण जमते." लग्न जमलं. जावईबापू अजून विचारतात, मामांनी एवढा वेळ हात का धरून ठेवला होता.

लहान हाताला पातळ नेकच चांगली, असं सगळे धरून चालतात. ते ऐकलं की भाऊ खवळतात. "जंगलातल्या माणसाले इचारा. कुऱ्हाडीचा धावड्याचा दांडा पातळ केला तं काय होते? मूठ जास्त आवळा लागते, आन् सांजच्याले मनगट भरून येते. गोल गरगरीत केला तं हातात फिरते. म्हणून तो लांबट ठेवतेत. गिटारीचं काय वेगळं हाये?" इथे मी भाऊंच्या बाजूचा आहे. फार पातळ नेकवर तळहाताची पोकळी रिकामी राहते. मग सगळा चिमटा अंगठ्यालाच द्यावा लागतो आणि त्याच्या बुडाचा स्नायू अर्ध्या तासात बोंबलायला लागतो. जाड नेक तळव्याला टेका देते, मात्र लहान बोटं जाड तारांपर्यंत पोचता पोचता रडकुंडीला येतात. खरं माप या दोन दुखण्यांच्या मधे कुठेतरी असतं, आणि ते ज्याचं त्यालाच सापडतं. दुसऱ्याचं ऐकून घेतलेली नेक बहुधा कोपऱ्यात धूळ खाते.

एवढं जाणणाऱ्या भाऊंना वाजवता काय येतं? एफचा बार कॉर्ड. एका बोटानं सहाही तारा आडव्या दाबायच्या, तो. तोच नेकची परीक्षा घेतो म्हणून तेवढाच शिकले. गाणं एकही नाही. कुणी त्यावरून छेडलं की त्यांच्याकडे उत्तर तयार आहे: लिओ फेंडर, ज्यानं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. "बनवणाऱ्याचं अडलं नाई, मंग पारखणाऱ्याचं कायले अडन?" यावर अजून कुणाला प्रतिवाद सुचलेला नाही. वहिनींना सुचला होता, पण तो इथे छापता येणार नाही.

भाऊंच्या आयुष्यातली एकच महत्त्वाकांक्षा पुरी झाली, तीही अर्धवट. आपला जिल्हा सागाचा. शेजारी आलापल्ली, तिथल्या वनवैभवाला राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग वाजतगाजत रवाना झाला. भाऊंना वाटलं, देवाच्या दाराला चालतो तो गिटारच्या नेकला का नाही? त्यांना आधार होता ब्रायन मेचा. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभं राहून ज्यानं गिटार वाजवली, तो हा मे. १९६३ मध्ये त्यानं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवायला घेतली. नेकसाठी लाकूड घेतलं जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीचं, आणि किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. ती नेकही चांगली जाडजूड.

भाऊंकडे शेकोटी नव्हती. चंद्रपुरात कुणाकडे असणार? पण जुन्या घराची सागाची चौकट निघाली होती. मोहल्ल्यातल्या सुताराला भाऊंनी स्वतःच्या मुठीचा ओल्या मातीत घेतलेला ठसा नेऊन दिला. सागात असलेल्या वाळूसारख्या कणांनी रंध्याची धार दर थोड्या वेळानं जायची, आणि लाकडाच्या तेलकटपणामुळे फ्रेटबोर्ड धड चिकटेना. सुतार वैतागला, तरी नेक झाली. भाऊंच्या हाताला अशी बसली की धरल्यावर सोडवेना. पण तिला जोडायला गिटारच नव्हती, आणि पुढेही झाली नाही. भाऊ संध्याकाळी बातम्या बघताना ती नुसती नेक हातात धरून बसतात. वहिनी म्हणतात, "पावणे इचारतेत, ह्यायच्या हातात लाटणं काऊन हाये?"

उन्हाळा भाऊंच्या कामाचा मोसम. मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर गेला की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर डोकावतात आणि तळहात सोलून काढतात. पोरं समजतात गिटार बिघडली; भाऊ कानस काढून टोकं घासून देतात. पावसाळ्यात उलट. लाकूड फुगतं, नेक वाकते, तारा वर उठतात, तेव्हा ऍलन की घालून आतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवावा लागतो. पाव म्हणजे पावच, यावर भाऊ हात जोडून विनवतात. आणि कूलरसमोर गिटार टांगणाऱ्याशी ते बोलणं सोडतात. दमट झोत एका बाजूनं आणि उन्हाची भिंत दुसऱ्या बाजूनं, यात लाकडाचं काय होत असेल या कल्पनेनंच त्यांना जेवण जात नाही.

दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू झाला की मित्र त्यांना वडशाकडे नाटकाला नेतात. गावात बैलांचा शंकरपट, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. सगळं गाव नायिकेच्या दुःखात बुडालेलं असतं आणि भाऊ स्टेजसमोरच्या ऑर्गनवाल्याकडे बघत हळहळतात: "बिचारा. त्याच्या वाद्याले मानच नाई गा."

आता भाऊंची दुसरी बाजू. त्यांनी आजवर बऱ्याच गिटारी घेतल्या. दर वेळी वाटलं, हीच ती. महिन्याभरात अंगठ्यानं नकार दिला की भाऊ ती कमी भावात एखाद्या पोराला देऊन टाकत. पैसे हप्त्यानं, बरेचदा बुडीत. पण देताना पोराचा हात बघत. मूलला, सिंदेवाहीला, गडचिरोलीला, पार अहेरीपर्यंत भाऊंनी नाकारलेल्या गिटारी आज वाजतात, आणि ज्याच्याकडे जी आहे ती त्याच्या हाताला बसते. भाऊंना स्वतःच्या हाताची गिटार मिळाली नाही. दोन जिल्ह्यांतल्या पोरांना मात्र मिळाली, तीही नागपूरचं दुकान न बघता.

तेव्हा इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालात तर एवढं करा. बसून नाही, पट्टा गळ्यात घालून उभं राहून वाजवा. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबवली तर कुठलीच नेक मनगटाला सुख देत नाही. एफचा कॉर्ड धरून दहा मिनिटं छेडा. अंगठ्याचं बूड दुखलं तर दुसरी मागा, तारा उंच असतील तर आधी त्या खाली करून मागा. रंग शेवटी बघा. आणि भाऊंना सोबत नेणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा.