मी कुंदा खाल्लो

दिवाळीला बेळगावहून अर्धा किलो कुंदा आणला होता. रात्री डबा भरलेला होता, सकाळी नुसता डबा होता. निपाणीच्या आमच्या घरात त्या रात्री आठ माणसं झोपली होती आणि आठांनाही, साखरेच्या दुखण्यापासून सोमवारच्या उपासापर्यंत, कुठल्या ना कुठल्या कारणानं गोड वर्ज्य होतं.

भाचा नुकताच हॅरी पॉटरची पुस्तकं संपवून बसला होता. "मामा, व्हेरिटासेरम पायजे होतं. रंग नाही, वास नाही. चहात तीन थेंब टाकायचे, की सगळे भडाभडा खरं बोलतात."

आमच्या घरच्या चहात वासाची काळजी करायचं कारणच नव्हतं. पण पोरगा प्रामाणिक, त्यानं औषधातल्या पळवाटाही सांगून टाकल्या. आधीच उतारा घेऊन ठेवता येतो. मन कडीकुलपात ठेवायची विद्या येत असेल तर थेंब फुकट जातात. आणि सगळ्यांत मोठं भोक म्हणजे पिणारा खरं सांगत नाही, त्याला जे खरं वाटतं ते सांगतो. येड्याला पाजलं तर तो अगदी मनापासून येडंच बोलणार.

"थेंब कशाला?" आज्जी आतून म्हणाली. "भंडारा आणा."

चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा आमच्या देव्हाऱ्यात कायम असतो. ताटलीत भंडारा, त्यावर उजवा हात, आणि मग बोलायचं. हे औषध पोटात जात नाही, तरी गुण येतो. थोरले मेव्हणे सुरुवातीलाच म्हणाले, "आज मी काही खाल्लेलं नाही." तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. काकू म्हणाली, "खाल्ले नाही बाई, नुसती चव बघितली." काकांनी तर भंडाऱ्यात मनगटापर्यंत हात घालून सांगितलं, "कुंद्याला मी हात लावलेला नाही." चमच्यानं खाल्ल्यावर हात कसा लागेल? धर्मराजानं 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. काकांची स्कूटर त्यानंतरही व्यवस्थित चालू आहे. त्यांचं निम्मं आयुष्य बैलबाजारात गेलंय. तिथं टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरतो आणि तोंड त्याच वेळी चारचौघांत "न्हाई पडत बाबा" म्हणत असतं. खरं बोटांनी, खोटं जिभेनं. थेंब बिचारे जिभेवरच पडणार.

आता, खरं बोलायचं औषध खरोखर दिलं गेलं आणि देशभर गाजलं, तो माणूस आमच्याच जिल्ह्यातला. खानापूरचा अब्दुल करीम तेलगी. लहानपणी रेल्वेत फळं विकणारा हा गडी पुढं बनावट मुद्रांक विकू लागला. या धंद्यातली गंमत माझ्या डोक्यातून जात नाही. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं ज्या कागदावर लिहायचं, तो कागदच खोटा. लिहिणाऱ्यानं आत अक्षर न् अक्षर खरं लिहिलं असेल, तर त्यानं काय करावं?

2001 साली त्याला अजमेरला पकडलं आणि पुढं बंगळूरला त्याची नार्को चाचणी झाली. त्यात वापरतात ते पेंटोथॉल हे मुळात भूल देण्याचं औषध. बेतानं दिलं की माणूस धड जागा नाही, धड झोपलेला नाही अशा अवस्थेत राहतो आणि जीभ सैल सुटते. पण खरेपणा वाढत नाही, लगाम तेवढा सुटतो. आठवण, कल्पना आणि विचारणाऱ्याला काय ऐकायचंय त्याचा अंदाज, असा सगळा काला बाहेर येतो. ही अवस्था सुईशिवाय गाठणारे आमच्या गावात रात्री नऊनंतर पुष्कळ भेटतात. "तुला म्हणून सांगतो" अशी सुरुवात करतात आणि सकाळी काहीही आठवत नसतं. तेलगीच्या चाचणीच्या चित्रफिती टीव्हीवर आल्या, त्यांत बडी नावं निघाली, त्या बड्यांनी ती झटकून टाकली.

5 मे 2010 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की संमतीशिवाय अशी चाचणी करायची नाही आणि संमतीनं केली तरी त्यातलं बोलणं हा पुरावा नव्हे. त्या बोलण्यावरून पुढं एखादी वस्तू सापडली, तर मात्र ती पुराव्यात येऊ शकते. या खटल्याचं नाव सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, म्हणजे इथंही आमचं राज्य आहेच. आणि त्याच्या तीन वर्षं आधी, 2007 मध्ये, तेलगीनं पुण्याच्या कोर्टात गुन्हा कबूल केला होता. शुद्धीत, सुईबिईशिवाय.

"मग सीमाप्रश्नाच्या पुढाऱ्यांना पाजूया," भाचा म्हणाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडच्या.

मी त्याला म्हटलं, थेंब वाया घालवू नकोस. 1956 पासून दोन्ही बाजू खरंच बोलतायत. 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथंही दोन्ही बाजू सत्यप्रतिज्ञेवरच आहेत. एक नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं काळ्या दिनाची फेरी, आणि दोन्हींत एकसुद्धा माणूस मनात एक, ओठात एक असा सापडायचा नाही. माझंच बघा. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी म्हणतो, "निपाणी, कोल्हापूरजवळ." बंगळूरला म्हणतो, "निपाणी, बेळगाव जिल्हा." पिंपभर व्हेरिटासेरम पाजलं तरी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी येतील.

एवढ्यात सासरे अंघोळ करून आले. मूळचे बेळगावातल्या शहापूरचे. ताटली, भंडारा आणि पिवळे हात बघून म्हणाले, "काय चाललंय? कुंदा व्हय? मी खाल्लो की."

कुणी थेंब दिला नाही, शपथ घातली नाही. मला वाटतं, ही त्यांच्या व्याकरणाची किमया. पुण्याचा माणूस म्हणतो, 'मी कुंदा खाल्ला.' तिथं क्रियापद कुंद्याचं ऐकतं. बेळगावच्या बोलीत, कानडीच्या शेजारानं, 'मी कुंदा खाल्लो.' क्रियापद थेट खाणाऱ्याच्या गचांडीला धरतं. लपायला जागाच नाही. पुण्यात चोरी केली जाते, आमच्याकडं 'मी चोरी केलो' असतं.

"पण बरा नव्हता हं," सासरे पुढं म्हणाले. "या खेपेचा काय खास नव्हता."

आज्जीनं डबा उलटा करून बघितला. आत बोट फिरवल्याच्या खुणा होत्या. मग तिनं ताटली त्यांच्याकडं सरकवली.

"हे तेवढं भंडाऱ्यावर हात ठेवून म्हणा, पाव्हणं."

सासऱ्यांनी ताटलीकडं बघितलं, आणि टॉवेल घेऊन आधीच कोरडे असलेले हात पुसत बसले.