वळचणीचं पाणी

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं म्हणतात. गेल्या जूनमध्ये दिंडोरीत आमच्या घरी ते निघालं होतं. अगदी आढ्याला नाही पोचलं, पण पत्र्याखालून उलटं शिरलं, भिंतीवरून उतरलं आणि देव्हाऱ्यामागे नकाशा काढून बसलं. आई म्हणाली, "म्हण करणाऱ्याने पन्हळ साफ ठेवली असणार."

पन्हळ हा शब्दही आता आईपुरताच उरलाय. दुकानात मी "पन्हळ आहे का?" विचारलं, तर पोरगं तोंडाकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "गटर म्हणा ना, सर!" हे घरी सांगितल्यावर आईने डोक्यावर गटार बांधायला साफ नकार दिला. तिचं लहानपण धाब्याच्या घरातलं. मातीच्या छतातून बाहेर डोकावणारी पन्हळ, आणि तिची धार कुणाच्या अंगणात पडते यावरून दोन पिढ्यांचा अबोला. आमची धार निदान आमच्याच भिंतीत मुरत होती.

आमचा तालुका धरणांचा. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड. मीही एक वळचणीला बांधून ठेवलं होतं, फक्त सांडव्याचं राहून गेलं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर ६० चौरस मीटर, तेव्हा २५ मिलिमीटरची एकच सर दीड हजार लिटर ओतून जाते. ते सगळं उतरायचं एका पाइपातून, आणि पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा वर्षभराचा पाला ठाण मांडून.

म्हणून यंदा रोहिणी लागायच्या आधी, सकाळी पत्रा तापायच्या आत, शिडी काढली. ती टेकवतोय तोच शेजारचे नाना आले. सगळा जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस. "सर, शिडी बारा फुटांवर टेकायची, तर पाया भिंतीपासून तीन फूट हवा. आणि त्या खांबावरच्या वायरीपासून लांब घ्या." मागच्या बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू का, विचारलं. "ठेवा की. पापडावानी मोडंल." बायकोने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि मी पडलो तर काय काय बोलायचं, ते आधीच बोलून घेतलं.

खरी शिक्षा पुढेच होती. हात पोचेना म्हणून वाकायचं नाही. उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. तीस फुटांच्या पन्हळीसाठी मी नऊ वेळा चढलो. त्यापेक्षा सप्तशृंगगडाच्या पायऱ्या परवडल्या. खुरप्याने पत्र्याचा मुलामा निघतो, म्हणून तेलाचा रिकामा कॅन कापून त्याचं सुपडं केलं. हातमोजे घातलेच, त्या पाल्यात विंचू नसेलच, हे कोण सांगणार? विंचू नव्हता. काळा चिखल, एक टेनिसचा चेंडू, संक्रांतीचा अर्धा पतंग आणि वीतभर उंचीचा पिंपळ निघाला. पावसाळ्यात इथे साचलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाच्या अंड्याचा आठ-दहा दिवसांत डास झाला असता. आम्ही मात्र दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून पिंपं पालथी घालतो आणि वर कधी बघत नाही.

पन्हळीला मधोमध पोट आलं होतं. नानांनी बागेची उरलेली तार आणून पन्हळ वर खेचून बांधली, दहा फुटांना अर्धा इंच उतार धरून. पाइपाच्या तोंडाशी जाळीचा तुकडा बसवला. मग लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं. पाणी बराच वेळ विचार करत बसलं आणि एकदम खळखळत खाली आलं. आईने टाळी वाजवली.

पिंपळ उपटल्याचं पाप कुणी घ्यायचं, यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. शेवटी नाना तो मुळासकट डब्यात घालून बांधावर लावायला घेऊन गेले.

तुम्ही शिडी काढणार असाल, तर धरायला माणूस आधी बोलवा. आमचे नाना रविवारी मोकळे असतात. चहा दोनदा लागतो.